परड्यातला एक वाफा

(पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषण)



आजच्या मेळाव्यात मी परीक्षेच्या तयारीविषयी चार शब्द बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा शिक्षक आहे. शेतीशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. तरीही आज मी आपणांसमोर भाजीपाल्याविषयी बोलणार आहे, आणि त्याला एक घरगुती कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी मुलांची आरोग्य तपासणी झाली. यादी तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. रक्त कमी असलेल्या मुलींची नावे लिहिता लिहिता मी एका नावाशी थांबलो. ते माझ्या स्वतःच्या मुलीचे नाव होते. वय दहा वर्षे, हिमोग्लोबिन ९.२. या वयाला ते ११.५ च्या खाली असू नये. वर्गात मी समतोल आहारावर निबंध लिहून घेतो, आणि माझ्याच घरातील मूल फिकट पडत चालले आहे हे मला दिसले नव्हते.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारले, "घरात पालेभाजी आठवड्यातून किती वेळा होते?" मी पत्नीकडे पाहिले, पत्नीने माझ्याकडे. खरे उत्तर होते, एखाद्या वेळी. मासळी रोज, तीही बहुधा मोठ्यांच्या ताटात अधिक; मटण सणावारी; आणि भाजी म्हणजे बाजारात मासळी नसली की करावयाचा नाइलाज. पाहुण्यासमोर भाजी ठेवली तर घराला कमीपणा येतो असे आपण मानतो. हे माझ्या एकट्याच्या घरातले चित्र आहे काय, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या स्वयंपाकघरात करावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे हा प्रश्न केवळ गरिबाघरचा नाही. चिरेबंदी घरातही तो आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. परड्यातली भाजी ही औषधाची जागा घेऊ शकत नाही. २०१८ पासून 'अॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात मोठ्या मुलामुलींना आठवड्याला जी निळी गोळी देतात, ती खिडकीतून बाहेर फेकण्याची वस्तू नव्हे. मांस-मासळीतले लोह अंगी लवकर लागते, हेही खरे. पालेभाजीतले लोह अंगी लागावे म्हणून तिच्यावर लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नये, इतके साधे नियम आहेत. पण पालेभाजी ताटात यावयाची तर ती आधी घरात आली पाहिजे. आपल्या दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात बरीचशी भाजी घाटावरून टेंपोने येते. बाजाराच्या दिवशी ती मिळते, एरवी नाही, आणि आपल्या वाडीपर्यंत पोहोचेतो ती माना टाकते. म्हणून मी परड्यात कुदळ मारण्याचे ठरवले.

पहिल्या वर्षी माझी बाग मेली. कशी मेली ते सांगतो, कारण नवशिक्याला त्याचाच उपयोग अधिक होईल. मी जूनमध्ये उत्साहाने सारे परडे खणले आणि बाजारातून आणलेली सगळी बियाणी एकाच दिवशी टाकली. माठ, मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, काय सापडेल ते. आपल्याकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पहिल्या मोठ्या सरीत माठाचे बी वाहून गड्याला लागले. मेथी कुजली. उरलेली रोपे शेजारच्या शेळीने एका दुपारी संपवली, कारण वई घालण्याचे माझ्या लक्षातच आले नव्हते. माझ्या आईने ओटीवरून हे सर्व पाहिले आणि एवढेच म्हणाली, "पुस्तकाला पाऊस लागत नाही, बाबा."

त्या एका वाक्यात पहिला धडा आहे. बाग ही हंगामाने करावयाची असते. कोकणातला हंगाम ढोबळ मानाने असा. पावसाच्या सुरुवातीला वेलभाज्या लावाव्यात: शिराळी, पडवळ, कारली, काकडी. त्यांच्यासोबत भेंडी आणि अळूचे कंद. वेल मांडवावर चढतात, त्यामुळे पावसाचा मार जमिनीलगतच्या कोवळ्या भाजीइतका त्यांना बसत नाही. पाऊस ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून माठ, मुळा, पालक, मेथी, कोथिंबीर आणि वाल. वांगी, मिरची व टोमॅटो यांची रोपे आधी वेगळ्या लहान वाफ्यात करावी लागतात आणि चार-पाच आठवड्यांची झाली की मूळ जागी लावावी लागतात. म्हणजे सध्या डिसेंबरात आपण बसलो आहोत ती वेळ पालेभाजी सुरू करण्यास उत्तम आहे. ऊन कोवळे आहे, विहिरीत पाणी आहे, कीड कमी आहे.

दुसरा धडा लहान सुरुवात करण्याचा. दहा फूट लांब आणि चार फूट रुंद असा एकच वाफा करा. चार फूटच का? तर दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. तुडवलेल्या जमिनीत मुळे जात नाहीत. जागा अशी निवडा की तेथे निदान पाच-सहा तास ऊन येईल. माडाच्या आणि फणसाच्या सावलीत भाजी होत नाही, नुसता देठ लांबतो. शक्य तर वाफा स्वयंपाकघराच्या दाराजवळ असावा. जी बाग जाता-येता दिसते तिची निगा आपोआप होते; जी गड्याच्या पलीकडे असते ती विसरली जाते.

आपली जमीन जांभ्याची. पाणी तिच्यातून झरझर निघून जाते आणि त्याबरोबर जमिनीतला कसही धुपून जातो. म्हणून खताशिवाय येथे भाजी पिकत नाही. वाफा वीतभर खोल खणा, दगड वेचून काढा, त्यांचाच कडेला बांध घाला आणि तीन-चार घमेली कुजलेले शेणखत मातीत मिसळा. कुजलेले हा शब्द महत्त्वाचा आहे. खत हातात घेतल्यावर त्याला शेणाचा वास येऊ नये, ते गरम लागू नये, भुसभुशीत मातीसारखे वाटावे. ताजे शेण घातले तर मुळे करपतात आणि हुमणीला आमंत्रण मिळते. वाफा जमिनीपासून चार बोटे उंच ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही.

आता पेरणी. बी किती खोल टाकावे, असे मुले विचारतात. बियाची जेवढी जाडी, त्याच्या दुप्पट-तिप्पट मातीचा थर त्यावर असावा, हा सोपा नियम. माठाचे बी राईपेक्षाही बारीक. ते मूठभर कोरड्या वाळूत मिसळून ओळीत सोडावे आणि वरून माती नुसती भुरभुरावी. ते खोल गेले तर वर येतच नाही, आणि दुकानदाराने जुने बी दिले असे आपण म्हणतो. धणे अख्खे न पेरता पाट्यावर हलके रगडून दोन फाकी करून पेरावेत. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोपर्यंत धीर धरावा. कारली आणि शिराळी यांच्या बियांचे कवच कठीण असते. ते बी रात्रभर पाण्यात भिजवावे. मुंग्या माठाचे बी ओढून नेतात, म्हणून वाफ्याच्या कडेने चुलीची राख टाकावी.

सगळा वाफा एकदम पेरू नका. त्याचे तीन भाग करा. आज पहिला, पंधरा दिवसांनी दुसरा, आणखी पंधरा दिवसांनी तिसरा. माठ साधारण २५ ते ३० दिवसांत काढणीस येतो. पहिला भाग संपेतो दुसरा तयार होतो आणि घरात सतत भाजी राहते. एकदम पेरले तर एका आठवड्यात इतका माठ होतो की शेजाऱ्यांना वाटून संपत नाही, आणि पुढचा महिनाभर काहीच नसते. भेंडीला पहिले फळ दीड महिन्याच्या सुमारास लागते; ती एक दिवसाआड तोडली पाहिजे, नाहीतर जून होते आणि झाड नवे फळ धरीत नाही.

पाण्याविषयी आपल्याकडे दोन चुका होतात. एक, दुपारच्या उन्हात पाणी घालणे. दुसरी, रोज थोडे थोडे शिंपडून माती नुसती वरून ओली करणे. सकाळी किंवा संध्याकाळी घालावे आणि मुळापर्यंत पोहोचेल असे घालावे. मातीत बोट दोन पेरे खुपसून पाहा. आत ओल असेल तर त्या दिवशी पाणी नको. मी मिरचीची रोपे मायेने रोज पाणी घालून मारली आहेत. वाफ्यावर भाताचा पेंढा किंवा पातेरा अंथरला तर ओल टिकते आणि तणही कमी येते.

मार्च-एप्रिलमध्ये विहिरी आटतात तेव्हा बागेला पाणी कोठून आणावयाचे, हा प्रश्न खरा आहे. आमच्या घरी वजूचे पाणी पूर्वी मोरीतून वाहून जात असे. त्यात साबण नसतो. मी एक दिवस मोरीत घमेले ठेवून ते मोजले. पाच माणसांच्या घरात दिवसाअखेर तीन बादल्या भरल्या. एका वाफ्याला तेवढे पुरते. ज्या पाण्यात तांदूळ, डाळ, मासळी धुतो तेही चालते. भांडी घासल्याचे साबणाचे पाणी मात्र पालेभाजीला घालू नये. ते केळीच्या मुळाशी सोडावे.

खत विकत घ्यावयाचे कारण नाही. परड्याच्या कोपऱ्यात हात-दीड हात खोल खड्डा काढा. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा असा ओला कचरा एक थर आणि पातेरा दोन थर, वरून मूठभर माती किंवा शेणकाला. अधूनमधून पाणी शिंपडा आणि पंधरवड्याने वरखाली करा. तीन-चार महिन्यांत खत होते. घाण वास आला तर समजावे की ओले जास्त झाले, पातेरा वाढवावा. मासळीची खवले आणि डोकी टाकावयाची असतील तर खोल पुरा, नाहीतर मांजरे सगळे उकरून ठेवतील. आपण दर वर्षी अंगणातला पातेरा काडी लावून जाळतो. तो जाळणे म्हणजे खताचे पोतेच जाळणे होय.

किडीला घाबरून लगेच विषारी फवारा आणू नका. ज्या झाडाचा पाला उद्या मुलांच्या ताटात जाणार आहे त्यावर विष मारणे योग्य नाही. मावा दिसला तर शेंडा पाण्याने धुवावा. निंबोळीची भरड ५० ग्रॅम घेऊन लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळावी, चिमूटभर साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. कारली-काकडीला फळमाशी लागते; फळ वाकडे होऊन पिवळे पडते व गळते. असे फळ तेथेच सोडले तर आतील अळ्या मातीत जाऊन नव्या माश्या होतात. ते वेचून साबणाच्या पाण्यात बुडवावे. शाळकरी मुलांना हे काम फार आवडते.

बी कोठून घ्यावे? दापोलीला १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथे आपल्या हवामानासाठी काढलेले वाण आहेत. कारल्याचा 'कोकण तारा', पडवळाचा 'कोकण श्वेता'. पण आपल्या वाडीतल्या वृद्ध स्त्रियांकडे राखेत घालून ठेवलेले बी असते, तेही तितकेच मोलाचे. ते मागून घ्या. बी देताना कोणी नाही म्हणत नाही. ज्यांना परडे नाही, जे शहरात खोलीत राहतात, त्यांनी तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा घ्यावा, बुडाला पाच-सहा भोके पाडावी, कौलाचे तुकडे टाकून माती व खत निम्मे निम्मे भरावे. गॅलरीत ऊन येत असेल तर अशा दोन डब्यांत मिरची आणि कोथिंबीर सहज होते.

आता शेवटची गोष्ट सांगतो. ती भाजीची कमी आणि शिक्षणाची अधिक आहे.

दुसऱ्या वर्षी मी शाळेच्या मागेही एक मांडव घातला. शिराळीला फुले भरपूर आली, फळ धरेना. मी पुस्तकात वाचले होते की नरफुलाचे परागकण मादीफुलाला लावावेत. मादीफुलामागे बारीक शिराळे असते, त्यावरून ते ओळखावे. मी रोज सकाळी सातला जाऊन हा उद्योग करीत असे. फुले मलूल असत, काही साधत नसे. नववीतला एक मुलगा चार दिवस लांबून पाहत होता. गणितात तो दोनदा नापास झालेला. वर्गात त्याने आपणहून तोंड उघडल्याचे मला आठवत नाही. पाचव्या दिवशी तो जवळ येऊन म्हणाला, "सर, शिराळीचे फूल सकाळी नाही, संध्याकाळी फुलते. भोपळ्याचे सकाळी. दादीने सांगितलेय." त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे मांडवाखाली गेलो. पिवळी फुले खरोखरच उमलत होती. त्याने नरफूल तोडले, पाकळ्या मागे मुडपल्या आणि अगदी हलक्या हाताने मादीफुलाला टेकवले. आठवड्यात शिराळी लोंबू लागली.

मी तो वाफा त्याच्या ताब्यात दिला. महिन्याभराने त्याच्या वडिलांचा परदेशातून फोन आला. ते रागावले होते. "सर, मी इकडे उन्हात राबतो ते पोराच्या हातात कुदळ देण्यासाठी नाही. त्याला खुर्चीत बसवायचाय." आज ते येथे बसले आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच मी हे सांगतो आहे. मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ज्याने आयुष्यभर अंगमेहनत केली त्याला मुलाच्या हातात तीच नको वाटते. मी एवढेच म्हणालो की आपण रजेवर याल तेव्हा पाहा, आणि मग सांगा.

ते आले, पाहून गेले. मुलाने त्यांना मांडवाखाली नेऊन अर्धा तास बोलून दाखवले. हा मुलगा इतके बोलतो हे त्यांना माहीत नव्हते, आणि मलाही पूर्वी नव्हते. त्यांनी परवानगी दिली, परंतु एका अटीवर: बाग सुटली की रोज तासभर गणित, आणि ते मास्तरांनी घ्यावे. गणित मला स्वतःलाच यथातथा येते; तरी आम्ही वाफ्याच्या क्षेत्रफळापासून सुरुवात केली आहे. तो अजून गणितात हुशार झालेला नाही. पण तो आता वर्गात हात वर करतो.

कुदळ आणि पुस्तक यांत एकच निवडावयाचे आहे, असे आपण मुलांना नकळत शिकवतो. शेतावर राबणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो आणि मग मुलाला दादीचे ज्ञान सांगण्याची लाज वाटते. ते ज्ञान असे घराघरातून गप्प होऊन चालले आहे. बाहेरून पैसा येतो, परड्यात लादी बसते, आणि माठाची जुडी टेंपोची वाट पाहते. मी लादीच्या विरुद्ध नाही. दहा फुटांची जागा तिच्यातून वगळावी, इतकीच माझी विनंती आहे.

माझ्या मुलीचे हिमोग्लोबिन मागील तपासणीत ११.६ भरले. हा गुण माठाचा की गोळ्यांचा, हे मी सांगू शकत नाही. बहुधा गोळ्यांचाच अधिक असेल. पण स्वतः पेरलेला माठ ती न कुरकुरता खाते, आणि लिंबू स्वतः पिळून घेते, हे मी रोज पाहतो.

तेव्हा पालक बंधु-भगिनींनो, या रविवारी एक वाफा खणा. शेजारी मुलाला आणि मुलीला, दोघांनाही उभे करा. घरात दादी-नानी असेल तर तिची खुर्ची वाफ्याजवळ ठेवा. आणि वई घालण्यास विसरू नका. शेळ्या माझ्या वेळेपेक्षा आता अधिक झाल्या आहेत.